गुळाचा डबा

आमच्या स्वयंपाकघरात, मांडणीच्या मधल्या फळीवर, आजीच्या वेळचा एक पितळी डबा आहे. त्यात गूळ असतो. आज तो कुणाच्याही हाताला लागेल असा उघड्यावर आहे. पण एकेकाळी सहा वर्षं तो कुलुपात होता. डब्याला कडी नव्हती, म्हणून तो ज्या फडताळात होता त्या फडताळालाच आम्ही कुलूप घातलं होतं. किल्ली आईच्या कमरेला असे. ती बाहेर गेली की माझ्या खिशात. कुलूप चोरांसाठी नव्हतं. वडिलांसाठी होतं.

वडील कर्जतला रेल्वेत होते. कर्जत स्टेशनाबद्दल मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला एवढंच ठाऊक असतं, की तिथे वडापाव चांगला मिळतो. पण गाडी तिथे वडापावासाठी थांबत नाही. पुढे बोरघाट असतो, आणि तो चढायला पुष्कळशा गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. त्यांना बँकर म्हणतात. ही इंजिनं जोडण्या-सोडवण्याच्या कामात वडिलांची नोकरी सरली. "गाडी कितीही मोठी असू दे," ते म्हणायचे, "घाटात मागून रेटणारं कुणीतरी लागतंच."

१९९३ मध्ये त्यांना मधुमेह निघाला. घरात पथ्याचं राज्य सुरू झालं. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, आंबा तर डोळ्यांनीही पाहायचा नाही. गोळी मात्र सकाळ-संध्याकाळ घड्याळाच्या ठोक्याला. 'कमी खाणं म्हणजे पथ्य, आणि काहीच न खाणं म्हणजे उत्तम पथ्य' अशी आमची सगळ्यांची समजूत होती. वडील शिस्तीचे, त्यांनी कुरकुर केली नाही. पण रात्री-बेरात्री ते स्वयंपाकघरात सापडू लागले. अंधारात, फडताळासमोर, तोंडात गुळाचा खडा. दिवा लावला की दिसायचं, कपाळावर घाम, हात थरथरतायत. आम्हाला वाटायचं, पकडले गेले म्हणून थरथरतायत.

तेव्हा कुलूप लागलं. ते वर्ष १९९५.

पुढच्याच वर्षी एका संध्याकाळी कुणीतरी सांगत आलं, "तुमचे वडील पिऊन पडलेत स्टेशनात." ज्या माणसाने आयुष्यात सुपारी खाल्ली नाही, तो पुलाच्या पायरीशी बसून असंबद्ध बोलत होता. मी पोचलो तोवर एका सहकाऱ्याने त्यांना चहा पाजला होता आणि ते बरेच सावरले होते. चहात तीन चमचे साखर होती हे कळल्यावर मी त्या भल्या माणसाला चार लोकांत फाडफाड बोललो. "मधुमेह्याला साखर पाजता? मारायचंय का त्यांना?" तो बिचारा खाली मान घालून निघून गेला. २००१ मध्ये वडील हृदयविकाराने गेले. कुलूप निघालं, कारण त्याचं काम संपलं होतं.

हे सगळं आज सांगायचं कारण वेगळंच आहे. मी सायकल चालवतो. आणि सायकलने मला माझ्या वडिलांची ती रात्रीची थरथर समजावून सांगितली.

वारसा

घर आणि पितळी डबा यांच्याबरोबर वडिलांकडून मला आणखी एक वारसा मिळाला. २०१३ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, माझीही साखर निघाली. यात नवल असं काहीच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत असं दिसलं. म्हणजे हा रोग आता नात्यातलाच झाला आहे; लग्नाच्या पंगतीत 'बिनसाखरेचा चहा किती?' असं विचारलं की निम्मे हात वर होतात.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात. दिवसभर खुर्ची, जाता-येता लोकल. डॉक्टर म्हणाले, "हलायला लागा." मुलाची कॉलेजातली सायकल जिन्याखाली धूळ खात उभी होती, ती पुसली. पहिल्या दिवशी पळसदरीपर्यंत जाऊन परत आलो तर पाय भरून आले. पण महिन्याभरात गोडी लागली. आमचा मुलूखच तसा आहे. एकीकडे उल्हास नदी, दुसरीकडे पाताळगंगा, पाठीशी सह्याद्रीची भिंत. कर्जतहून चौकला जावं, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खालापूर फाट्यावरून खोपोली गाठावी आणि पळसदरीवरून घरी यावं, असा पंचेचाळीसएक किलोमीटरचा फेरा माझ्या आवडीचा झाला. पुढे धीर आला तसा खोपोलीहून घाटात शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढू लागलो. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, असं आमच्याकडे सांगतात.

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघातून पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर! ती बातमी वाचून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सायकली जिन्याखालून बाहेर निघाल्या. माझी त्याआधीच निघाली होती, एवढाच माझा मोठेपणा.

पण एक गोष्ट मी सायकलबरोबर नेत होतो, ती म्हणजे घरातली जुनी समजूत. सायकलने साखर कमी होते, न खाल्ल्यानेही कमी होते. मग दोन्ही एकदम केलं तर? हिशेबाच्या माणसाला ही बेरीज फार आवडली.

चाकं वाऱ्यावर फिरतात का?

२०१५ च्या मे महिन्यातला रविवार. सकाळी उपाशीपोटी साखर १६२ होती. म्हटलं, आज हिला धडा शिकवू. बिनसाखरेचा चहा, दोन बदाम आणि रोजची गोळी घेऊन निघालो. चौकपर्यंत मजेत. खोपोलीत पाण्याची बाटली घेतली तर सुट्ट्या पैशांचा हिशेब जमेना. वीस वजा पन्नास की पन्नास वजा वीस? आयुष्य आकडेमोडीत गेलेल्या माणसाला! मला हसू नाही आलं, राग आला. दुकानदाराचा, मग हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकवाल्याचा, मग रस्त्याचाच. पळसदरीच्या अलीकडे पायांतलं बळ कुणी काढून घ्यावं तसं गेलं. मे महिन्याच्या उन्हात गार घाम फुटला. एका मोरीच्या कठड्यावर कसाबसा बसलो.

तिथे एक ठाकर म्हातारी पळसाच्या द्रोणात करवंदं मांडून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा, सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही."

"मग चाकं काय वाऱ्यावर फिरतील?"

तिने कनवटीच्या पुरचुंडीतून गुळाचा खडा काढला, हातावर ठेवला आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी द्यायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. मी मधुमेही आहे, मला गूळ चालत नाही, हे सांगायचं त्राणही उरलं नव्हतं. खाल्ला. दहा-पंधरा मिनिटांत जग जागेवर आलं. पन्नास वजा वीस म्हणजे तीस, हेही आलं. म्हातारीने पैसे घेतले ते फक्त करवंदांचे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही काल दोन औषधं घेतलीत. एक गोळी आणि दुसरी सायकल. दोन्ही साखर उतरवणारी. आणि दोघींनी जिच्यावर काम करायचं, ती साखर पोटात घातलीच नाही."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. रक्तातली साखर स्नायूंत शिरायला एरवी इन्सुलिनची किल्ली लागते. आमच्या रोगात ती किल्ली कुलपात नीट फिरत नाही. पण स्नायू काम करू लागले की ते मागचं दारही उघडतात. तिथे किल्लीची वाट पाहावी लागत नाही. म्हणून व्यायाम हा मधुमेह्याचा मित्र. आता दुसरी बाजू. शरीराची कोठारं दोन. एक स्नायूंत, साधारण चारशे ग्रॅम साखर मावेल एवढं. दुसरं यकृतात, शंभरेक ग्रॅमचं. मध्यम वेगाने सायकल चालवताना तासाला चारशे-पाचशे कॅलरी सहज खर्च होतात. रात्रभराच्या उपासाने यकृताचं कोठार आधीच अर्धंमुर्धं झालेलं. त्यात माझ्या गोळीत दोन औषधं एकत्र होती. त्यांतलं मेटफॉर्मिन तसं सरळमार्गी. एकटं असेल तर साखर धोकादायक पातळीच्या खाली सहसा नेत नाही. पण ग्लिमेपिराइड आणि त्याच्या भाऊबंदांचा स्वभाव वेगळा. तुम्ही जेवलात की नाही, याची ते चौकशी करत नाहीत. स्वादुपिंडाला चाबूक मारून इन्सुलिन काढायला लावतात. ते इन्सुलिन यकृताचं कोठारही बंद करून टाकतं. म्हणजे गाडी घाटात, आणि बँकर सोडवून घेतलेलं!

हे शेवटचं वाक्य डॉक्टरांचं नव्हे, माझं. ते ऐकून डॉक्टर हसले. मला मात्र एकदम वडील आठवले. पण त्या आठवणीचा खरा अर्थ लागायला अजून अवकाश होता.

उपासाचा इतिहास

पथ्य म्हणजे उपास, ही समजूत काही आमच्या घरचीच नव्हती. इन्सुलिन हाती येण्याआधी अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांचा उपासमारीचा उपचार प्रसिद्ध होता. मधुमेही मुलांना ते इतकं थोडं अन्न देत, की मुलं हाडांचा सापळा होत. पण त्यामुळे काही महिने, क्वचित काही वर्षं अधिक जगत. एलिझाबेथ ह्यूज नावाची पंधराव्या वर्षातली मुलगी १९२२ मध्ये इन्सुलिनपर्यंत पोचली तेव्हा तिचं वजन जेमतेम वीस किलो होतं. ती जगली, मोठी झाली, तिचा संसारही झाला. त्या काळी उपासाला पर्याय नव्हता, म्हणून ॲलन यांना दोष देता येत नाही. पण औषध आलं तरी उपासाची भीती-भक्ती मात्र आपल्या मनात मागे राहिली.

याउलट आपल्या सुश्रुतसंहितेत एक गमतीचा उपचार सांगितला आहे. प्रमेहाच्या निर्धन रोग्याने पायांत वहाणा न घालता, डोक्यावर छत्री न धरता, गावोगाव एकेक रात्र राहून शंभर योजनं किंवा अधिक चालावं. आणि भिक्षा मागून खावं. चालण्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. माझं गेलं ते भिक्षेकडे. एवढं चालणाऱ्याने उपाशी राहावं, असं सुश्रुत म्हणत नाही; मिळेल ते साधं अन्न, थोडं थोडं, वाटेवर खावं. श्रीमंत रोग्यासाठी त्याने सावा आणि देवभातासारखी रानची धान्यं सांगितली आहेत. करवंदवाल्या म्हातारीचं आणि सुश्रुताचं मत एकच पडलं, ही मला मोठी समाधानाची गोष्ट वाटते.

आपल्याकडे मधल्या काळात 'दोनदाच जेवा' सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि 'थोडं थोडं, वेळच्या वेळी खा' सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर, असे दोन पक्ष घरोघरी पडले होते. आमच्या लोकलच्या डब्यात तर यावरून बोलाचाली बंद झालेली मला ठाऊक आहे. मी त्या वादात पडत नाही. एवढंच म्हणतो, की ज्याच्या पोटात साखर उतरवणारी गोळी आहे आणि पायांखाली पायडल आहे, त्याने आपला हिशेब वेगळा मांडावा. आणि तो आपल्या डॉक्टरांसमोर बसून मांडावा.

हिशेबाची वही

हिशेब हे तर माझं काम. मी वही घातली. निघण्यापूर्वी साखर, वाटेत साखर, परतल्यावर साखर, झोपताना साखर. समोर खाल्लेलं आणि तोडलेलं अंतर. बोटांना टोचून टोचून चाळणी झाली, पण दोन-तीन महिन्यांत वही बोलू लागली. त्याआधी डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून घेतली, डोळ्यांचे पडदे पाहिले, पावलांना संवेदना आहे ना हे पाहिलं. मगच लांबच्या फेऱ्यांना परवानगी दिली आणि त्या दिवसांपुरती ती चाबूकवाली गोळी निम्मी केली. हे मी मुद्दाम सांगतो. गोळी त्यांनी निम्मी केली, मी नव्हे. वाचकांपैकी कुणी हा लेख वाचून आपल्या मनाने गोळी सोडली, तर ते पाप माझ्या माथी येईल.

तर वहीने शिकवलं ते असं. निघताना साखर शंभराच्या आत असेल तर आधी काहीतरी खायचं, मग निघायचं. ती २५० च्या वर असेल आणि अंगात कसकस असेल तर सायकल भिंतीलाच टेकलेली बरी. लांब पल्ल्याच्या निरोगी सायकलपटूला तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात, असं क्रीडावैद्यकाची पुस्तकं सांगतात. मी तिसापासून सुरुवात केली आणि बहुतेक तिथेच ठरलो. तीस ग्रॅम म्हणजे काय? एक मोठं केळं. किंवा चार-पाच लहान खजूर. किंवा राजगिऱ्याच्या दोन वड्या. महागड्या परदेशी पुड्यांवाचून माझं काही अडलं नाही.

निघण्याच्या दीड तास आधी नाचणीची एक भाकरी आणि वालाची उसळ किंवा अंडं. नाचणी आणि वरी ही आमच्या डोंगरउतारांवरची धान्यं. ठाकर-कातकऱ्यांचं 'गरिबाचं अन्न' म्हणून आम्ही गावातले लोक नाकं मुरडत होतो. आता तीच शहरात सुंदर पिशव्यांतून येतात. दोन तासांवरची फेरी असेल तर पाण्यात चिमूटभर मीठ-साखर-लिंबू. आणि परतल्यावर तासाभरात जेवण. त्यात भातसुद्धा, एक वाटी, आमटी आणि मासळीबरोबर. पहिल्यांदा पानात भात पडला तेव्हा माझा हात थांबला. आमच्या गावात भातसंशोधन केंद्र आहे. तिथून निघालेल्या भाताच्या जातींना 'कर्जत-३', 'कर्जत-७' अशी आमच्या गावाची नावं आहेत. ते भात सगळ्या कोकणाने खावं आणि कर्जतकराने मात्र भाताकडे चोरासारखं बघावं, हे मी बावीस वर्षं पाहत आलो होतो.

वडापावाचंही सांगतो. तो रस्त्यात खायची वस्तू नव्हे. त्यात कर्बोदकं आहेत, पण तेल त्यांना पोटात अडवून धरतं. हवी तेव्हा साखर मिळत नाही आणि नको तेव्हा चढते. साखर घसरली असताना तर लाडू, चॉकलेट यांच्या नादी लागूच नये. तिथे साधी साखर किंवा ग्लुकोजची पूड, तीन चमचे, पाण्यातून. म्हणजे पंधरा ग्रॅम. मग पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. अजून सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर काहीतरी घट्टमुट्ट खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र त्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

वहीने एक कोडंही घातलं. शिंग्रोबाच्या चढावर साखर उतरायच्या ऐवजी चढायची! खाली १४०, वर १९०. डॉक्टर म्हणाले, जोराच्या श्रमात शरीर घाबरून यकृताचं कोठार उघडतं. हे चढणं फसवं असतं. तेवढ्यावर समाधान मानून खायचं टाळलं, तर दोन तासांनी घसरगुंडी ठरलेली. रिकामी झालेली कोठारं पुढे चोवीस तास आणि त्याहूनही जास्त वेळ रक्तातली साखर ओढत राहतात.

हे 'पुढे चोवीस तास' मी वहीत लिहून घेतलं खरं. समजलं ते नंतर.

रात्रीचे दोन

२०१६ च्या डिसेंबरात मी पहिल्यांदा शंभर किलोमीटर केले. चौक, खोपोली, कडाव, कशेळे असं सगळं घरचंच अंगण पालथं घातलं. वाटेत नीट खाल्लं. पण घरी आल्यावर कौतुक करणाऱ्यांच्या गराड्यात जेवण अर्धवट झालं आणि दमून झोपलो. झोपताना मोजायचं राहिलं. रात्री दोनला सौभाग्यवतींनी हलवून उठवलं. "अहो, उठा. अंथरूण भिजलंय घामाने." मोजलं तर ६४. ती मला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. ग्लुकोजचा डबा दिसेना, म्हणून तिने फडताळातला पितळी डबा काढला आणि गुळाचा खडा माझ्या हातात ठेवला. माझे हात थरथरत होते.

चाहूल लागून आई उठून आली. दारात उभी राहिली. तेच स्वयंपाकघर, तेच फडताळ, तीच वेळ. घामाने डबडबलेला, गुळाचा खडा तोंडात कोंबणारा माणूस. फक्त माणूस बदलला होता. आई काहीच बोलली नाही. दाराची चौकट धरून खाली बसली. पंधरा मिनिटं आम्ही तिघं घड्याळाकडे बघत होतो. नंतरचा आकडा ९८ आला. सौभाग्यवती म्हणाली, "आलं वर." तेव्हा आई एवढंच म्हणाली, "म्हणजे ते चोरून खात नव्हते."

आम्हाला कुणी दोष देईल असं मला वाटत नाही. १९९५ मध्ये घरोघरी साखर मोजायचं यंत्र नव्हतं. 'गोळी घ्या, गोड खाऊ नका' एवढं सांगितलं गेलं होतं. गोळी घेतल्यावर जेवण चुकवू नका, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. दिवसभर इंजिनांमागे उन्हातान्हात फिरायचं, पोटात दीड पोळी, आणि साखर उतरवणारी गोळी वेळेवर. त्यांच्या शरीराला जे कळत होतं ते आम्हाला कळत नव्हतं. रात्री दोनला ते उठत होते ते जगण्यासाठी. आणि आम्ही प्रेमापोटी त्यांचं औषध कुलुपात ठेवत होतो. त्या रात्री मला स्टेशनातला तो सहकारी आठवला. त्याची क्षमा मागायला हवी होती. चौकशी केली, तो केव्हाच वारला होता.

दुसरी खोड

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण खोटी होईल. खाण्याची भीती गेली आणि तिच्या जागी मस्ती आली. सायकल मारली म्हणजे सगळं माफ, असं मला वाटू लागलं. तासाभराच्या फेरीनंतर स्टेशनावर दोन वडापाव, सणावारी जिलबी. २०१८ मध्ये तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ६.८ वरून ७.७ वर गेला. डॉक्टर रागावले नाहीत; त्यांनी माझीच वही माझ्यासमोर धरली. "तासात चारशे कॅलरी जाळता आणि दहा मिनिटांत सहाशे खाता. हिशेबनीस कोण आहे इथे?" छोट्या फेरीला जादा खाणं लागत नाही, मोठ्या फेरीला ते चुकवून चालत नाही. पथ्य म्हणजे कमी खाणं नव्हे, जास्त खाणंही नव्हे. पथ्य म्हणजे आपल्या वाटेच्या चढाएवढं खाणं. हे एवढं साधं वाक्य शिकायला मला पाच वर्षं लागली.

२०१९ मध्ये मी २०० किलोमीटरची ब्रेव्हे केली. हा मूळचा फ्रान्समधला प्रकार. ती शर्यत नसते. कुणाला हरवायचं नसतं. ठरल्या वेळात, स्वतःच्या जबाबदारीवर अंतर पुरं करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. मला बारा तास चाळीस मिनिटं लागली. सात वेळा बोट टोचलं. सगळ्यांत कमी साखर ९२, सगळ्यांत जास्त १८७. दिवसभरात जवळजवळ पावणेचारशे ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली. सौभाग्यवतीने त्याचा हिशेब पंधरा केळ्यांत मांडून शेजारणीला सांगितला, तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला. गोड बंद असलेल्या माणसाने पंधरा केळी! पण त्या दिवशी तेच पथ्य होतं. दुसऱ्या दिवशी, खुर्चीवर बसून, त्यातली तीनसुद्धा कुपथ्य ठरली असती.

त्या पहाटे निघताना आई उठून बसली होती. मी पिशव्या तपासत होतो. खजूर, वड्या, ग्लुकोज, यंत्र, पट्ट्या, सगळं जागेवर होतं. ती मांडणीपाशी गेली, पितळी डबा उघडला आणि कागदाच्या पुडीत गुळाचे दोन खडे बांधून माझ्या खिशात घातले.

"अगं, आहे सगळं माझ्याकडे," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली. "वाटेत कुणी बसलेलं दिसलं तर?"

तेव्हापासून खिशात पुडी असतेच. गेल्या उन्हाळ्यात खालापूर फाट्याजवळ एक गृहस्थ झाडाखाली बसले होते, घामाघूम. बाजूला चारजण 'सकाळीच लावून आलाय' म्हणून हसत होते. मी सायकल थांबवली आणि विचारलं, "काका, साखरेची गोळी चालू आहे का? सकाळी काही खाल्लंत?" त्यांनी मान हलवली. पहिल्या प्रश्नाला होय, दुसऱ्याला नाही.

मी पुडी सोडली.